हजार मीटरच्या खाली

—नाही, नाही, 'तू' नका म्हणू. बसा, बाक मोठा आहे, त्या रंगाच्या डब्याला तेवढा पाय लावू नका, झाकण नीट बसलेलं नाही — पण 'तू' म्हणू नका मला. इथं नाही. तुम्ही का म्हणालात ते कळलं मला. त्या झाडावरचा आकडा वाचलात. एकावर तीन शून्यं, एवढाली, पांढऱ्या रंगात, आणि तुम्हाला वाटलं, चला, हजार मीटर आले, आता म्हातारीला 'तू' म्हणायला हरकत नाही. तुमच्या आईबापांनी बरोबरच शिकवलंय तुम्हाला. अख्ख्या स्लोवेनियात हाच रिवाज आहे — हजारच्या वर गेलं की सगळे एकमेकांना 'तू', मंत्री असो, पाद्री असो, दातांचा डॉक्टर असो, आणि खाली उतरलं की परत 'तुम्ही', टोपी काढून. पण ही खूण रंगवली कुणी? मी. एक्केचाळीस वर्षांपूर्वी. दर तीन वर्षांनी तिच्यावर नवा हात कुणी मारला? मीच. आणि मीच तुम्हाला सांगतेय, सेक्रेटरीबाई, की इथं 'तू' चालत नाही. म्हणजे चालतं — मी हसत नाहीये हो, शिंक येतेय मला — चालतं, पण ते वेगळ्या कारणानं चालतं, आणि तुमच्या-माझ्यात तसलं काही कारण नाही.

कागद? आहे, कागद आहे, पळून जात नाही. पिशवीत तळाशी आहे, ब्रशांच्या खाली. चार वाजता सभा आहे हे मला माहीत आहे, नोटीस डेअरीच्या दारावर मीच डकवली, आणि सह्या केलेला मूळ कागदच लागतो, झेरॉक्स चालत नाही, हेही मला माहीत आहे, तुम्ही सांगायला नको. पण आत्ता कुठं बारा वाजतायत. आणि तुम्ही या बुटांत — ऑफिसातले ना हे? — ह्यांत त्या मुळांच्या पायऱ्या चढून आलात? धन्य आहे. बघा चेहरा केवढा लाल झालाय तुमचा. माझा? माझाही लाल आहे, पण मी चढून आले म्हणून नाही, मी सकाळी आठलाच इथं होते. पोतित्साचा तुकडा घ्या. घ्या हो, आतले अक्रोड माझ्या दारच्या झाडाचे आहेत, पावात लोणी कमी पडलंय तेवढं समजून घ्या. आणि ही बाटलीतली घरची ब्लूबेरीची दारू, झाकणभरच, पायांना बरी असते. नको? बरं. मग मी घेते तुमच्या वाटची. नाकाला रंग लागलाय? असू दे. कानालाही असेल. आज मला कुठंही रंग लागलेला असेल.

तुम्ही आमच्या गिर्यारोहक मंडळात येऊन वर्षसुद्धा झालं नाही, म्हणून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं ही बाई अशीच आहे, बडबडी. मी बडबडी नाही. विचारा कुणालाही, अल्बिना क्रेव्ह म्हणजे तोंडाळ, अल्बिना क्रेव्ह म्हणजे भांडकुदळ, हे ऐकाल, बडबडी कुणी म्हणणार नाही. लाकूडतोड्यांच्या खानावळीत वीस वर्षं बटाटे सोलले मी, आणि सोलता सोलता समोर भिंतीवर नकाशा होता, तो वाचायला शिकले. कुणी शिकवलं नाही. जवळजवळच्या रेघा म्हणजे चढ, लांबलांबच्या म्हणजे सपाटी, हे मी त्या बाप्यांना जेवण वाढताना सांगायचे आणि ते हसायचे, आणि मग बर्फात त्यांचेच दोघं वाट चुकले तेव्हा त्यांना आणायला कोण गेलं? जाऊ दे. सांगायचं हे की हा जंगलातला वळसा, हा बारा किलोमीटरचा, खालच्या वाहनतळापासून वर माथ्यापर्यंत आणि परत खाली, ह्याच्यावरचा प्रत्येक पांढरा ठिपका आणि त्याच्या भोवतीचं प्रत्येक लाल कडं माझ्या हातचं आहे. तीनशे अकरा ठिपके. माणसं चालताना माझ्या हातावर विश्वास ठेवून चालतात, कळलं का? झाडावर ठिपका दिसला की पुढं पाऊल टाकतात. म्हणून चुकीची खूण म्हणजे — थांबा, त्याच्यावर येते मी. त्याच्यावर यायचंच आहे.

तर सायकलवाले. ह्या वाटेवर आधी फक्त चालणारे होते. मग ते आले, जाड टायरांचे, डोक्यावर टरबुजाएवढी शिरस्त्राणं घालून, आणि मंडळानं ठरवलं की वाट दोघांची. चालणाऱ्यांनी ह्या डाव्या अंगानं चढायचं, सायकलवाल्यांनी तिकडून, लाकडं ओढायच्या रस्त्यानं चढायचं आणि इकडून उतरायचं — म्हणजे समोरासमोर येतील, एकमेकांचे डोळे दिसतील, मागून कुणी अंगावर येणार नाही. कागदावर फार छान. प्रत्यक्षात? तुम्ही मान खाली घालून मुळं बघत चढताय आणि वरून सूंऽऽ करून एक येतोय, आणि घंटा वाजवतो ती तुमच्या शेजारून गेल्यावर. मुळांची सालं निघाली. पायऱ्या मी लाकूड रोवून केलेल्या, त्या ढिल्या झाल्या. आणि गेल्या ऑक्टोबरात एकानं माझा लाल रंगाचा डबा उडवला, तिथं, झऱ्याच्या वर. अख्खा डबा. झरा संध्याकाळपर्यंत लाल वाहत होता, खालच्या गाई पाण्याला तोंड लावीनात, आणि तो जाता जाता काय ओरडला माहीत आहे? "माफ कर, आजी!" आजी! 'माफ कर'! हजारच्या दीडशे मीटर खाली!

मग मी अर्ज लिहिला. हाच, तुम्ही न्यायला आलात तो. 'ह्या वळशावर सायकलींना संपूर्ण बंदी करावी.' पहिलं नाव माझं. घरोघर हिंडले, बर्फात हिंडले, पाद्रीबाबाची सही चर्चच्या पायरीवर घेतली, चीजच्या काउंटरवरच्या मार्येताची चीज कापता कापता. दोनशे बारा सह्या. ह्या खोऱ्यात दोनशे बारा माणसांचं एकमत कधी पावसावरसुद्धा झालेलं नाही. आणि तुम्ही मला त्या वेळी पत्र पाठवलंत, 'आदरणीय बाई, आपल्या चिकाटीबद्दल' वगैरे — ठेवलंय मी ते. फ्रीजवर लावलंय.

दोनशे तेरा? काय नजर आहे हो तुमची, पिशवीतून नुसतं वर काढलं तर शेवटचा आकडा वाचलात. हो. दोनशे तेरावी आहे एक. मे महिन्यातली. ओझ्बोल्ट म्लाच्निक, द्राव्होग्राद. तुम्ही ओळखत नसाल, तुम्ही नव्या. त्यानं आमच्या अर्ध्या खोऱ्याची धुराडी साफ केलीत, पन्नास वर्षं, त्याच्या बापानं त्याच्या आधी. आता निवृत्त आहे. एकाहत्तर. माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे, पण माझे गुडघे त्याच्या गुडघ्यांपेक्षा तरुण आहेत, छपरांवर सगळं आयुष्य गुडघ्यांवर काढलं ना त्यानं. आणि — हे बघा, हे तुम्हाला सभेत कळलंच असतं, म्हणून आताच सांगते — तो सायकलवाला आहे.

हो! सायकलवाला! सायकलवाल्यांवर बंदी घाला म्हणणाऱ्या अर्जावर एका सायकलवाल्याची सही आहे! मलाही असंच वाटलं, तुमच्यासारखंच तोंड झालं होतं माझं. अकरा मेची गोष्ट. शनिवार. मी ह्या बाकाशी वाटेच्या मधोमध उभी, कागद छातीशी धरून — माझी तीच पद्धत होती, वरून येईल त्याला अडवायचं, कागद दाखवायचा, लाज वाटेल त्याला वाटू दे. आणि वरून हा आला तो चालत. सायकल हातात धरून, तिच्यावर भार टाकून, एक एक पायरी, म्हातारी बाई बाजाराच्या ढकलगाडीला धरून चालते ना, तसा. मला वाटलं कुणाची तरी टाकून दिलेली सायकल सापडलीय ह्याला. मी म्हटलं, "कुणाची उचलून आणलीत?" तो म्हणाला, "माझीच आहे, बाई. ह्या मुळांवरून बसून उतरायला मला भीती वाटते, आणि मुळांनाही वाटत असेल." मुळांनाही! मी कागद पुढं केला. त्यानं मोज्यातून — मोज्यातून, देवाशपथ — चष्मा काढला आणि वाचायला लागला. सगळं वाचलं. दोन्ही बाजू. कुणी वाचत नाही हो, दोनशे बारा जणांपैकी पाद्रीबाबानंसुद्धा वाचला नव्हता. हा वाचत होता आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत होते, भांडायला तयार. आणि तो म्हणाला, "'बेफाम' हा शब्द इथं फार नेमका पडलाय." आता त्या एका शब्दासाठी मी आठवडा घालवला होता. आधी 'बेजबाबदार' लिहिलं होतं, मग 'उन्मत्त', मग — जाऊ दे. मग त्यानं सही केली, आणि कागद परत देताना म्हणाला, "तू छान लिहितेस."

'तू' म्हणाला. इथं. ह्या झाडाखाली. मी म्हटलं, शिस्तीचा माणूस आहे, खूण बघून बोलतो. मीही लगेच 'तू' म्हटलं, का नको, हजार म्हणजे हजार. म्हटलं, "तू वेडा आहेस का? स्वतःवरच बंदी घालून घेतोस?" तर चष्मा परत मोज्यात घालत म्हणतो, "बंदी यायला सप्टेंबर उजाडेल. तोवर पुष्कळ शनिवार आहेत."

अठरा. अठरा शनिवार झाले, दोन पावसात वाहून गेले. आज चौदा सप्टेंबर.

काय बघताय, जाकीट? उकडतं ना, उकडतंच, सप्टेंबरातसुद्धा ह्या उतारावर ऊन आहे, लोकरीचं जाकीट घालून कोण फिरतं. माझं ते निळं झिपवालं आहे की घरी, हलकं, पाणी न शोषणारं, मंडळानंच दिलेलं. पण झिपेला बटण कुठं असतं? नाही कळलं? तुम्ही कुठल्या गावच्या? धुराडंवाला दिसला की आपलं बटण धरायचं, चांगलं होतं, एवढंही शिकवलं नाही का तुम्हाला कुणी? मी लहानपणापासून धरते. आता तो काळ्या कपड्यात नसतो, मान्य, तो त्या तंग अर्ध्या चड्डीत असतो, पण धुराडंवाला तो धुराडंवालाच. पहिल्या शनिवारी बटणच नव्हतं अंगावर. दुसऱ्या शनिवारी हे घातलं. हे मी तुम्हाला का सांगतेय? ब्लूबेरीची मी किती घेतली? दोनच झाकणं? मग त्यामुळं नाही.

आणि वेळेचं गणित सांगू? हे मात्र ऐकाच, ह्यात माझी हुशारी आहे. तो आठला खालून निघतो, उजवीकडून चढतो. मी साडेआठला निघाले डावीकडून तर तो मला झऱ्यापाशी भेटतो. झरा आहे साडेआठशेवर. तिथं काय? तिथं 'तुम्ही'. "कसे आहात?" "बरा आहे, तुम्ही कशा आहात?" "बरी आहे." संपलं, अंत्ययात्रेतली दोन माणसं बोलतात तसं. पण मी साडेसातला निघाले तर? तर तो उतरायला लागेपर्यंत मी ह्या झाडाशी पोचते. म्हणजे 'तू'. म्हणजे बाक. म्हणजे तो नाशपाती कापतो आणि अर्धी मला देतो आणि सांगतो कुठल्या घराच्या धुराड्यात काय काय सापडलं — एकाच्यात घुबडाचं घरटं, एकाच्यात लग्नाचे बूट. मग मी साडेसातला निघायला लागले. कधी सातला. आणि एकदा जुलैमध्ये तो मला खाली दुकानात भेटला, चीजच्या काउंटरशी, सगळं गाव रांगेत, आणि मी म्हटलं, "नमस्कार, म्लाच्निकसाहेब, तुम्ही इकडं कुठं?" आणि तो म्हणाला, "नमस्कार, क्रेव्हबाई, तुमची तब्येत कशी आहे?" आणि आम्हा दोघांनाही एकदम असं हसू फुटलं, असं फुटलं, की मार्येताची सुरी हातातच राहिली. सहाव्या इयत्तेतल्या मुली हसतात ना, पोट धरून, कशाला ते माहीत नसताना, तसं. मी चीज न घेताच बाहेर आले.

नवरा? होता की. गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. चांगला माणूस होता, कुणाचं वाईट केलं नाही त्यानं. तो मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणायचा. गाईलाही 'तू' म्हणायचा. गाईला जरा जास्त मायेनं. आता तुम्ही हसलात. हसा, आज हसायचाच दिवस आहे.

बरं, आता सकाळची गोष्ट. सांगते, सांगते, घड्याळ बघू नका. आम्ही इथं बसलेलो. तो नाशपाती सोलत होता. त्याच्या सायकलच्या हँडलवर एक यंत्र आहे, काड्यापेटीएवढं, ते वर आकाशातल्या उपग्रहाला विचारून सांगतं म्हणे, आपण कुठं आहोत, किती उंचावर आहोत. अठरा शनिवार ते माझ्यासमोर होतं, पण मी कधी डोकावले नाही, मला कुणाच्या यंत्राची गरज नाही. आज सहज डोकावले. नऊशे बासष्ट. मी म्हटलं, "ओझ्बोल्ट, तुझं यंत्र बिघडलंय." आणि तो म्हणाला, "असेल." झटकन. मान वर न करता. आता हा माणूस धुराड्याच्या विटेवरनं पावणेदोन तास वाद घालणारा, हा झटकन 'असेल' म्हणतो? मी ते यंत्र हँडलवरनं उपटलं आणि निघाले वर. तो मागून ओरडतोय, "अल्बिना, थांब, अग त्याची खुंटी मोडेल!" थांबतेय कशाला. नऊशे सत्तर. नऊशे ऐंशी. मुंग्यांचं वारूळ आलं, नऊशे एक्क्याण्णव. आणि दोन खोडांचं ते स्प्रूसचं झाड आहे ना, वळणावर, तिथं — हजार. ह्या बाकापासून सरळ अडतीस मीटर वर. मी परत खाली आले, परत वर गेले. तीनदा. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

म्हणजे मी चुकले होते. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलतेय, आणि तेही तुमच्यासमोर, ऐकून घ्या. एक्केचाळीस वर्षं चुकले होते. आणि का चुकले तेही मला तिथंच कळलं, त्या वारुळाशेजारी बसल्यावर. कुणी सांगावं लागलं नाही. त्या वेळी कुठलं आलं यंत्र. शाळामास्तरांचा बॅरोमीटर मागून आणला होता मी, स्टेशनच्या भिंतीवर जुनी लोखंडी पाटी आहे, तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलीय, तिथं काटा लावला आणि चढत आले. काट्यानं हजार दाखवले तिथं, ह्या झाडाशी, थांबले आणि आकडा रंगवला. आणि रंगवता रंगवता गारा पडायला लागल्या, अक्रोडाएवढ्या, तरी मी शेवटचं शून्य पुरं केल्याशिवाय हलले नाही — हे मी दर वर्षी मंडळाच्या जेवणात सांगते, तुम्हीही ऐकलं असेल, सगळे टाळ्या वाजवतात. गारा! अहो, वादळ येतं तेव्हा हवेचा दाब उतरतो! दाब उतरला की काट्याला वाटतं आपण वर आलो! मी तीन तास चढत होते आणि तीन तास ते वादळ काट्याला ढकलत होतं, आणि ती गारांची गोष्ट मी एक्केचाळीस वर्षं फुशारकीनं सांगत आलेय. माझी चूक मीच दर वर्षी टाळ्या घेऊन सांगत होते! आणि लोक? विचार करा, एक्केचाळीस वर्षं माणसं ह्या बाकावर बसून एकमेकांना 'तू' म्हणतायत, अडतीस मीटर आधीच! मुख्याध्यापक आणि शिपाई! सासू आणि सून! कुणाची भांडणं मिटली असतील, कुणाची झाली असतील, माझ्या एका आकड्यामुळं! — नाही, मला रडू येत नाहीये, हे हसण्याचंच पाणी आहे. थोडं रडण्याचंही असेल सकाळचं. ते आता वाळलं.

आणि मग मला ते सुचलं. वारुळाशेजारी. मुंग्या बाहीत शिरल्या होत्या आणि मला एकदम सुचलं — ह्याचं यंत्र तर पहिल्या दिवसापासून हँडलवर आहे.

मी धावले. शहात्तराव्या वर्षी, त्या मुळांवरनं, धावले. तो तसाच बसलेला, नाशपाती अर्धी सोललेली, सालीची लांब पट्टी लोंबतेय. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?" म्हणाला, "मे महिन्यापासून." म्हटलं, "नऊशे बासष्ट आहे हे माहीत असून तू मला 'तू' म्हणालास? खाली? ओळख नसलेल्या बाईला?" तर तो, नाशपाती सोलतच हं, मान वर करायचं नाव नाही, म्हणतो, "मी काय डोंगराला विचारून म्हटलं होतं होय?"

बोला आता. बोला ना. तुम्ही शिकलेल्या बाई आहात, तुम्हाला असं कुणी म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं सांगू? मी म्हटलं, "गाढवा." आणि मग लक्षात आलं, आता गाढवाला 'तुम्ही' कसं म्हणणार! आणि त्याला विचारलं, "मग तू माथ्यावर कधी कधी तासभर का थांबायचास? म्हणायचास, टायरात हवा भरत होतो?" तर म्हणतो, "तू इथवर पोचावीस म्हणून. मला ह्या खुणेची गरज नव्हती, पण तुला होती." म्हणजे मी साडेसातला निघत होते चोरून, आणि हा वर बसून ब्लूबेरीचा चहा पीत वाट बघत होता चोरून, आणि मध्ये हे झाड, चुकीचं!

आता तो तारेचा ब्रश आणायला गेलाय. माझ्या छपरीतून. ही शून्यं खरवडायची आहेत ना, खूण वर न्यायची, त्या दोन खोडांच्या स्प्रूसवर. चुकीची खूण मी एक दिवस ठेवणार नाही, मग ती कितीही — नाही ठेवणार. पांढरा हात मी मारून घेतलाय वर. बाक मात्र इथंच राहील. आणि ब्रश आणायला गेलाय म्हणजे कसा, सरळ ह्याच वाटेनं खाली गेला, आणि परत ह्याच वाटेनं वर येणार नाही. का? नियम. सायकलनं डावीकडून चढायचं नाही. म्हणून हा शहाणा उजवीकडून अख्खा डोंगर चढून, माथ्यावर जाऊन, वरून इथं उतरणार आहे. एका ब्रशासाठी बारा किलोमीटर. इकडूनच चालत का नाही येत म्हणता? चालता येत नाही त्याला. सपाटीवर अर्धा तास, त्यापुढं गुडघा सुजतो. डॉक्टरनं सांगितलंय, सायकल चालवा, चालू नका. ह्या मुळांवर तो सायकलीला धरून उतरतो ते तीनशे पायऱ्याच, त्याच्यात त्याच्या कपाळावर असा घाम येतो, मी बघते ना. सायकल नसेल तर तो ह्या डोंगरावर येऊ शकत नाही. कळतंय का, सेक्रेटरीबाई? आज चार वाजता तुम्ही हा कागद वाचून दाखवलात, हात वर झाले — होणारच, मीच दोनशे बारा हात तयार करून ठेवलेत — तर पुढच्या शनिवारी मी एकटी बसेन इथं. खऱ्या उंचीवरच्या खऱ्या खुणेच्या खाली.

आणि त्यानं एकदाही म्हटलं नाही. अठरा शनिवारांत एकदाही नाही, की अल्बिना, तो अर्ज मागं घे. आज शेवटचा शनिवार, दोघांनाही माहीत, तरी नाशपाती सोलत बसला. म्हणाला असता ना, तर मी घेतला नसता. मला ओळखता तुम्ही, माझ्यामागं कुणी लागलं की मी उलटी चालायला लागते. म्हटलं नाही, तिथंच मेलं घोडं पेंड खातं.

आता तुम्ही म्हणाल, लोक काय म्हणतील. मला सांगता? लोक काय म्हणतील ते मला शब्दाशब्दानं माहीत आहे, मार्येताच्या आवाजात. 'क्रेव्हबाई बर्फात दारोदार हिंडली आणि आता पाठ फिरवली.' पाद्रीबाबा भुवया वर करेल. तुम्ही मला परत तसलं पत्र पाठवणार नाही. आणि उगाच वाईट वाटायचं सोंग आणू नका, मला वाटतंय ते माझं मी बघेन. तो डबा उडवणारा अजून सुटलेलाच आहे, त्याचं काय, हे मलाही खुपतं. लिहायचंच असेल तर सभेत लिहा की मुळांच्या पायऱ्यांवर प्रत्येकानं सायकलवरून उतरून, हातात धरून चालावं. पाटी मी रंगवीन. वाटेत उभी मी राहीन. बघू कोण बसून उतरतो माझ्यासमोर. पण ते वेगळं, ते नवं, त्याला पुन्हा सह्या गोळा करीन, माझे पाय शाबूत आहेत.

द्या तो पेन. हा नाही, तुमचा, शाईचा. पहिलं नाव कुणाचं? अल्बिना क्रेव्ह. हे — असं. नीट दिसू दे, आडवी रेघ, माझ्या हातची रेघ सरळच असते. मूळ अर्जदारानं नाव काढलं की अर्ज रद्द, हे गेल्या सभेत तुम्हीच वाचून दाखवलंत, कलम कितवं ते तुमचं तुम्ही बघा. घ्या. मूळ कागद, झेरॉक्स नाही. काय? कारण? कारण लिहावं लागतं? इतिवृत्तात?

लिहा मग. 'अर्जदार बाईंनी उंची मोजताना चूक केली होती.' एवढंच. हो, एवढंच, पूर्णविराम. आणि सभेत कुणी उठून विचारलं, उंचीचा आणि सायकलींचा काय संबंध, तर म्हणावं, संबंध आहे. आहे म्हणावं. आणि तो तुम्हाला विचारून जुळवलेला नाही.

श्श्. ऐकलंत? वर, स्प्रूसमध्ये. चाकं नाहीत, पावलं आहेत — एक एक. उठा. तो पोतित्सा बरोबर न्या, आणि उतरताना डाव्या कडेनं उतरा, त्या बुटांत घसराल. नाही, थांबून ओळख करून घ्यायची गरज नाही. जा ना हो. अहो, जा!